तांबड्या कोशिकांचे परिरक्षण

दात्याच्या रक्तातील तांबड्या कोशिका शरीराबाहेर जिवंत व कार्यक्षम स्थितीत टिकवून धरण्याच्या क्रियेस ही संज्ञा आहे. शरीरात तांबड्या कोशिकेचे आयुष्य सु. १२० दिवसांचे असते. शरीराबाहेर काढलेले रक्त मात्र काही मिनिटांतच गोठते.

इतिहास : रक्ताचे क्लथन रोखण्यासाठी सोडियम सायट्रेटाचा उपयोग १९१४ मध्ये बेल्जियममध्ये आल्बेर हूस्टिन व अर्जेंटिनात लुइस आगोते यांनी केला. १९१६ मध्ये पेटन राउस व जे. आर. टर्नर यांनी त्यात द्राक्षशर्करेची जोड दिली. परिपक्व तांबड्या कोशिकेत केंद्रक नसतो आणि तिला ऊर्जा केवळ शर्करेच्या विघटनातून मिळते. त्यामुळे ही जोड उपयुक्त ठरली. ऑझ्वल्ड रॉबर्टसन यांनी १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातील जखमींना असे साठविलेले रक्त दिले. १९४३ मध्ये जे. एफ. ल्यूटिट व पी. एल. मॉलिसन यांनी सायट्रिक अम्लयुक्त विद्राव सुचविला. अम्लतेमुळे शर्करेसह विद्रावाचे निर्जंतुकीकरण शक्य झाले व साठवणकाळ २१ दिवसांवर गेला. पुढे फॉस्फेट व ॲडेनीन यांच्या योगाने तो ३५ दिवस झाला. रक्तद्रव वेगळा काढून उरलेल्या कोशिकांत लवण, ॲडेनीन, द्राक्षशर्करा व मॅनिटॉल यांचा विद्राव मिसळल्यास तो ४२ दिवसांपर्यंत वाढतो.

साठवण २° ते ६° से. तापमानात करतात. तीत कोशिकांतील ऊर्जासाठा हळूहळू घटतो व पोटॅशियम बाहेर झिरपते. रक्ताधानानंतर २४ तासांनी किमान ७५ टक्के कोशिका रक्तप्रवाहात टिकाव्यात, हा मर्यादा ठरविण्याचा निकष आहे. तथापि २०१५–१६ मधील मोठ्या चाचण्यांत ताज्या व जुन्या रक्तामुळे मृत्युप्रमाणात फरक आढळला नाही.

मराठवाड्यातील संदर्भ : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरातील भूकंपात हजारो लोक मृत्यू पावले व हजारो जखमी झाले. अशा आपत्तीत पहिल्या काही तासांत उपयोगी पडते ते आधीच साठविलेले रक्त होय. नंतर आलेल्या दात्यांचे रक्त गट व संसर्ग यांच्या तपासणीविना देता येत नाही. एकाच वेळी मिळालेले हे विपुल रक्तही साठवणकाळ अल्प असल्यास वाया जाते.

भारतात १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आहे. त्यामुळे रक्तपेढ्यांचा साठा स्वेच्छादात्यांवर व नातेवाइकांवर अवलंबून असतो. नांदेड व लातूर येथे उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. याच सुमारास महाविद्यालयांना सुट्या असल्याने शिबिरे कमी होतात. शस्त्रक्रिया, प्रसूतीतील रक्तस्राव व थॅलॅसीमिया यांसाठीची मागणी मात्र चालूच राहते. म्हणून अखंड शीतसाखळी, जुनी पिशवी आधी वापरण्याची शिस्त व वर्षभर विभागलेली शिबिरे यांखेरीज ४२ दिवसांच्या मुदतीचा पूर्ण लाभ मिळत नाही.