'कोटणीसांचा वारसा' आणि माझी फसलेली हेडलाइन

गेल्या महिन्यात आमच्या अंकात पान दोनवर एक बातमी लावली. 'तालुक्याच्या लेकीने जपला डॉ. कोटणीसांचा वारसा!' फोटो, वडिलांचं नाव, अभिनंदनाचा वर्षाव, सगळं रीतसर. मुलगी समाजकार्य शिकतेय. नैरोबीत निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती. वडील स्वतः पेढे घेऊन ऑफिसात आले होते.

दुसऱ्या दिवशी मुलीचाच फोन. "काका, मी तिकडे याद्या टाइप करायला चाललेय हो. कोटणीस कुठे आणि मी कुठे? कॉलेजात सगळे चिडवतायत."

मी हसण्यावारी नेलं. पण फोन ठेवला आणि जरा ओशाळलो. सोलापूर जिल्ह्यात जन्म गेला, वीस वर्षं बातम्या लिहितोय. दर १० ऑक्टोबरला कोटणीस जयंतीची चौकट लावतो, तीही खरं सांगायचं तर मागच्या वर्षीची उचलून. माणूस म्हणून कोटणीस मला व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या सिनेमापलीकडे माहीत नव्हते. मग वाचायला बसलो.

पहिला धक्का हाच, की निघाले तेव्हा कोटणीस कुणी मोठे डॉक्टर नव्हतेच. वय २७. वडील शांताराम सोलापुरात गिरणीत नोकरीला. मुलगा मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला, पुढच्या परीक्षेची तयारी करतोय. आजच्या भाषेत करिअर अजून सुरू व्हायचं होतं.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर पुरती चढाई केली. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. मागितली, हे महत्त्वाचं. आपण उठून कुणाचं भलं करायला गेलो नव्हतो. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांनी देशाला आवाहन केलं, जुलै १९३८ मध्ये चीन निधीचे दिवस पाळले गेले आणि २२,००० रुपये जमले. स्वतः गुलाम असलेला देश दुसऱ्या देशाच्या जखमींसाठी वर्गणी काढतोय! पाच डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका एवढं त्यातून उभं राहिलं. कलकत्त्याच्या डॉ. रणेन सेन यांना इंग्रज सरकारने पासपोर्टच दिला नाही, म्हणून त्यांच्या जागी डॉ. बसूंचं नाव आलं. परदेशी जाताना कागदपत्रांचं रडगाणं तेव्हाही होतंच.

प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल, ते स्पेनच्या युद्धात काम करून आलेले. कलकत्त्याचे मुखर्जी आणि बसू. सोलापूरचे कोटणीस. आणि नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, पाचांत सगळ्यात ज्येष्ठ, काँग्रेसच्या चळवळीत मुरलेले. पाचात दोन मराठी, आणि मला एकाचंच नाव ठाऊक होतं!

सप्टेंबर १९३८ मध्ये मंडळी मुंबईहून बोटीने निघाली. हान्कौला पोचली, पण ऑक्टोबरात ते शहरच जपान्यांनी घेतलं. तिथून मागे हटत चुंगकिंग. यातले बरेच दिवस वाट बघण्यात गेले. त्याच काळात कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परत फिरायला याहून मोठं कारण कुठलं असतं? ते फिरले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. पाचही जणांनी चिनी नावं घेतली होती आणि प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ' होतं, म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दी-हुआ'.

मोहीम ठरली होती साधारण वर्षभराची. चोळकर आणि मुखर्जी आधी परतले, मग अटल. आपल्या सांगण्यात हे तिघे कायम पुसट होतात, जणू परत येणं हा गुन्हाच. ठरलेलं काम करून माणूस घरी आला, यात कमीपणा कसला? बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणीस राहिले ते कायमचेच.

७२ तास सलग शस्त्रक्रिया केल्याची गोष्ट सगळे सांगतात. मी थबकलो ते दुसऱ्याच ठिकाणी. हा माणूस चिनी भाषा शिकला. नुसतं 'कुठे दुखतंय' विचारण्यापुरती नाही, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवण्याइतकी. जानेवारी १९४१ मध्ये ते कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. खुद्द बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात शस्त्रक्रिया करताना बोट कापून रक्तात विष भिनल्याने गेले होते. तिथे कोटणीसांनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिलं. दुसरं हातात असतानाच ते गेले, ९ डिसेंबर १९४२ ला, अपस्माराच्या झटक्यांनी. वय ३२. पत्नी गुओ छिंगलान, त्याही रुग्णसेवेतल्याच. मुलगा यिनहुआ तेव्हा चारेक महिन्यांचा. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. तोही पुढे डॉक्टरकी शिकत होता, पण शिक्षण पुरं व्हायच्या आधी १९६७ मध्ये गेला. यावर सिनेमा निघाला नाही.

हे सगळं मी त्या मुलीला फोन करून सांगितलं. म्हटलं, कोटणीसही शिकाऊच होते गं. ती म्हणाली, "पण काका, त्यांना बोलावलं होतं. मला निवडलंय. फरक आहे." नंतर स्वतःच म्हणाली, स्वाहिलीचा क्लास लावलाय ऑनलाइन, याद्यांतली नावं तरी नीट लिहिता यावीत.

पुढच्या अंकासाठी चार ओळींचा खुलासा लिहिला होता. जाहिरात आली, जागा गेली. म्हणून इथे टाकतोय.

आणि नागपूरकरांनो, एक काम करा. डॉ. चोळकरांचा फोटो, पत्र, घराचा पत्ता, जुन्या माणसांची आठवण, जे असेल ते कमेंटमध्ये टाका. पुढच्या चौकटीत दोघं असतील.