पाण्याची धार आणि मूत्रपिंड

मूत्रपिंडावर सुरी चालवायला शल्यविशारद कचरत, याचे कारण रक्त. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त, आपल्या दोन मूत्रपिंडांतून वाहते. १८६९ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह सिमोन यांनी एका स्त्रीचे एक मूत्रपिंड पूर्ण काढले. उरलेल्या एकावर प्राणी जगतो, याची खात्री त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून घेतली होती. पण दुसरे मूत्रपिंड निकामीच असेल तर? मग रोगट भाग तेवढाच काढायला हवा. सिमोन यांच्या जागी आलेल्या व्हिन्सेंझ चेर्नी यांनी १८८७ साली गाठीसाठी तसे केले.

यातला पेच पुढे शंभर वर्षे टिकला. रक्तस्राव रोखायला धमनी चिमट्याने बंद करावी, तर निरोगी भागालाही प्राणवायू मिळत नाही. अर्ध्या तासापलीकडे इजेची भीती वाढत जाते.

पाण्याने कापण्याची युक्ती आली ती कारखान्यातून. १९५० च्या दशकात नॉर्मन फ्रान्झ यांनी बारीक छिद्रातून प्रचंड दाबाने पाणी सोडून लाकूड कापून पाहिले. १९८२ साली पापाक्रिस्टू आणि बार्टर्स यांनी पाण्याच्या धारेने यकृताचा भाग काढल्याचे प्रसिद्ध केले.

कारखान्यात दाब हजारो वातावरणांचा असतो, शस्त्रक्रियेत काही दशकांचाच. सारे मर्म इथेच आहे. ३० वातावरणे दाब धरला, तर धारेचा वेग सेकंदाला सुमारे ७७ मीटर येतो. (दाब = ½ × घनता × वेगाचा वर्ग; वर्गात हे गणित जरूर द्यावे.) अशी धार मऊ पेशी धुऊन नेते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत मात्र कोलॅजेनचे चिवट धागे असतात. त्यामुळे त्या न तुटता उघड्या पडतात आणि एकेक करून बंद करता येतात. २००० साली डुकरांच्या मूत्रपिंडांवर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ही धार वापरल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले.

म्हणून चिमटा इतिहासजमा झाला असे मात्र नाही. अनेक शस्त्रक्रियांत तो आजही लावतात.

हे तत्त्व मुलांना दाखवायला यंत्र नको. पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात कुजवावे आणि नळाच्या हलक्या धारेखाली धरावे. गर वाहून जातो, शिरांची जाळी उरते. धार जोरात सोडली तर जाळीही फाटते. दोन्ही करून पाहू या.