टेपरेकॉर्डरमधील नलिका विवर्धकाचा पुनरुपयोग

जुन्या, निर्वात नलिकांवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरमधील विवर्धक परिपथ फीत चालविणाऱ्या यंत्रणेपासून वेगळा काढून मायक्रोफोनचा पूर्व-विवर्धक म्हणून वापरण्याची पद्धती. मायक्रोफोनपासून मिळणारा विद्युत् दाब अत्यंत अल्प, सामान्यतः काही मिलिव्होल्ट वा त्याहूनही कमी असतो. तो ध्वनिमुद्रणास योग्य पातळीवर आणण्यासाठी त्याचे शेकडो ते हजार पट विवर्धन करावे लागते. टेपरेकॉर्डरमध्ये हे काम करणारा परिपथ मुळातच असल्याने यंत्राचा यांत्रिक भाग निकामी झाला, तरी हा भाग उपयुक्त राहतो.

चुंबकीय ध्वनिमुद्रणाचा इतिहास एका अर्थी विवर्धकाचाच इतिहास आहे. डॅनिश अभियंते व्हाल्डेमार पौल्सेन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर ध्वनिमुद्रण करून दाखविले. परंतु त्या काळी विवर्धनाचे साधन नसल्याने पुनरुत्पादित आवाज फारच क्षीण येई व यंत्राचा प्रसार झाला नाही. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तयार केलेल्या त्रिप्रस्थ नलिकेचा विवर्धक म्हणून उपयोग १९१२ च्या सुमारास होऊ लागला, तेव्हा ही अडचण दूर होण्याचा मार्ग खुला झाला. फ्रिट्झ फ्लॉइमर यांनी १९२८ मध्ये कागदी फितीवर चुंबकीय चूर्णाचा थर देण्याची कल्पना जर्मनीत मांडली. तिच्या आधारे विकसित झालेला ‘मॅग्नेटोफोन’ एईजी कंपनीने १९३५ मध्ये बर्लिन येथील रेडिओ प्रदर्शनात ठेवला. १९४० मध्ये उच्च कंप्रतेच्या प्रत्यावर्ती अभिनतीचा शोध लागून फितीवरील खरखर पुष्कळच कमी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन अभियंत्यांनी अशी दोन यंत्रे स्वदेशी नेली. अँपेक्स कंपनीचा ‘२००’ हा नमुना १९४८ मध्ये बाजारात आला, तो याच यंत्रांपासून स्फूर्ती घेऊन.

पुनरुपयोगाच्या दृष्टीने अँपेक्सचे १९५० नंतरच्या दशकातील ३५० व ३५१ हे नमुने विशेष महत्त्वाचे ठरले. त्यांत फीत चालविणारी यंत्रणा आणि इलेक्ट्रॉनीय परिपथ या दोन स्वतंत्र पेट्या होत्या. त्यामुळे पुढे ट्रँझिस्टरांची यंत्रे आल्यावर जुनी यंत्रणा मोडीत निघाली, तरी परिपथाची पेटी जशीच्या तशी उचलता आली. घरगुती यंत्रांची गोष्ट निराळी. ग्रुंडिग, फिलिप्स इत्यादींच्या यंत्रांत सर्व भाग एकाच सांगाड्यावर दाटीवाटीने बसविलेले असतात. यूरोपीय यंत्रांत पहिल्या टप्प्यासाठी बहुधा ईएफ ८६ ही पंचप्रस्थ नलिका आढळते. तिच्या आत संरक्षक जाळी असून तापक तार दुहेरी गुंडाळलेली असते, त्यामुळे वीजपुरवठ्याची घरघर तिच्यात फार कमी शिरते. मात्र टिचकी मारली असता ही नलिका स्वतःच मायक्रोफोनसारखी आवाज देते. म्हणून तिची बैठक रबरावर बसविणे इष्ट असते. पुढील टप्प्यांत ईसीसी ८३ ही जोडत्रिप्रस्थ नलिका असते. तिचे उत्पादन अद्यापही चालू असल्याने ती मिळविणे अवघड नाही.

परिपथ वेगळा काढला म्हणजे काम संपत नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी उच्च कंप्रतांचे विवर्धन मुद्दाम अधिक ठेवलेले असते व पुनरुत्पादनाच्या वेळी निम्न कंप्रतांचे. मायक्रोफोनसाठी ही दोन्ही वाढ-घट काढून सर्व कंप्रतांना समान प्रतिसाद मिळेल अशी योजना करावी लागते. फीत पुसण्यासाठी व अभिनतीसाठी असलेला आंदोलक बंद करावा लागतो. अन्यथा त्याची श्रवणातीत कंप्रता सर्वत्र झिरपते. आधुनिक मायक्रोफोनचा संरोध १५० ते २०० ओहम असतो, तर घरगुती टेपरेकॉर्डरचा आदान संरोध बराच उच्च असतो. त्यांच्यामध्ये योग्य गुणोत्तराचे, चुंबकीय आवरण असलेले रोहित्र बसवावे लागते. निकामी झालेली जुनी विद्युत् विच्छेद्य धारित्रे बदलणे तर पहिलेच काम होय. या परिपथांत २५० व्होल्टच्या आसपास एकदिश दाब असतो व वीज बंद केल्यावरही तो धारित्रांत काही काळ टिकतो. काही स्वस्त यंत्रांत पुरवठ्याचे रोहित्र नसून धातूचा सांगाडा थेट वीजवाहिनीशी जोडलेला असतो. अशा सांगाड्याला मायक्रोफोन जोडणे जीवघेणे ठरू शकते.

या विवर्धकांच्या आवाजाला ‘ऊबदार’ म्हणण्याची प्रथा आहे. अतिभार झाला असता नलिका आवाजाची शिखरे एकदम न छाटता हळूहळू दाबते आणि मूळ कंप्रतेच्या दुप्पट कंप्रतेचे स्वर त्यात मिसळते, एवढे खरे. परंतु नेहमीच्या पातळीवर सुरचित परिपथात हा परिणाम जेमतेमच असतो. ज्याचे श्रेय नलिकेला दिले जाते, त्यातील बराच वाटा रोहित्राच्या लोहगाभ्याचा असतो. पुष्कळदा जुनेपणाच्या आकर्षणाचाही.

कोल्हापूर परिसरात नलिका विवर्धक प्रथम चित्रपटाबरोबर आला. बाबूराव पेंटर यांनी येथेच स्वतःचा कॅमेरा बनविला होता; परक्या यंत्राचे अंतरंग समजून घेऊन त्याला आपल्या कामास लावण्याची वृत्ती या गावात जुनीच. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या अयोध्येचा राजा (१९३२) या बोलपटाच्या वेळी ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. पार्श्वगायनाची सोय नसल्याने नट-नटींचे गाणे, वाद्यवृंद व संवाद चित्रीकरणाच्या वेळीच मायक्रोफोनने टिपावे लागत. प्रभात १९३३ मध्ये पुण्यास गेली. भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या १९४८ मधील जाळपोळीत भस्मसात झाला.

टेपरेकॉर्डरचा प्रवेश त्यानंतरचा. अल्लादियाखाँ यांना राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर दरबारी आश्रय दिला. त्यांच्या घराण्याची परंपरा येथे रुजली. खाँसाहेबांचे १९४६ मध्ये निधन झाले व त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. पुढील पिढ्यांच्या बाबतीत परिस्थिती बदलली. महाराष्ट्रात खाजगी बैठकी रसिकांनी आपापल्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केल्या. ग्रामोफोन तबकडीच्या मर्यादेत न मावणारा, तासभर चालणारा विलंबित ख्याल या फितींमुळेच टिकला. नलिकाही देशात बनू लागल्या होत्या. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये ग्राही नलिकांचे उत्पादन सुरू केले आणि तिच्या नलिका आज परदेशी हौशी लोकही शोधून घेतात.

येथेच पुनरुपयोगाविषयी खरा मतभेद उद्‌भवतो. ज्या यंत्रातून विवर्धक काढला जातो, ते यंत्र त्या काळच्या फिती वाजविण्यास कायमचे निकामी होते. घरगुती फितींचा वेग व मार्गांची रुंदी यंत्रागणिक वेगवेगळी असते. ज्या यंत्रावर फीत मुद्रित झाली, त्याच्याच शीर्षाची तिरपी बैठक जुळली तर उच्च स्वर स्पष्ट येतात. कोल्हापूर शहर व त्याला लागून असलेला कळंबा यांसारख्या भागांत पावसाळी हवा दीर्घकाळ दमट राहते. फितींना बुरशी येते, तिचा थर सुटू लागतो व कागदी धारित्रे गळू लागतात. अशा स्थितीत फिती अंकीय स्वरूपात उतरवून घेण्यापूर्वी चालू यंत्र मोडणे हे नुकसानीचेच आहे. ज्यांची मोटर, शीर्षे व चाके आधीच गेली आहेत, त्यांचेच परिपथ काढावेत, असे जाणकार तंत्रज्ञ मानतात. काढलेली शीर्षे व मूळ परिपथाची आकृतीही जपून ठेवली, तर त्याच जातीचे दुसरे यंत्र दुरुस्त करण्यास ती उपयोगी पडतात.