३३२० मिलिमीटर : पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसची गोष्ट

आजचा इतिहास फार जुना नाही, एप्रिल २०२१ चा आहे. पण तेव्हा आपण सगळे इतके घाबरलेलो होतो की नेमकं काय चाललंय हे बघायला कुणाला वेळच नव्हता.

मी तेव्हा घाटकोपरला घरून काम करत होतो. कॉलेजच्या चार मित्रांनी मिळून एक गूगल शीट बनवलं होतं. कुठे बेड आहे, कुठे सिलिंडर मिळेल, कुणाचा नंबर. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार! दोन दिवसांत शेकडो ओळी झाल्या आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की त्यातले बहुतेक नंबर लागतच नाहीत. मुलुंडच्या एका काकांना मी पाठोपाठ सात नंबर दिले, सातही बंद. आठव्यांदा त्यांनी माझा फोन उचलला नाही. माहिती ढीगभर होती, पण ती शेवटची कधी तपासली याचा रकानाच आम्ही ठेवला नव्हता.

त्याच आठवड्यात, १६ एप्रिलच्या रात्री, मुंबई महापालिकेला सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले, कारण तिथला ऑक्सिजन संपत आला होता.

आता प्रश्न असा, की देशात ऑक्सिजन नव्हता का? होता की. पोलाद कारखान्यांना तो लागतोच, म्हणून त्यांचे स्वतःचे प्लांट असतात. पण यातले मोठे कारखाने पूर्वेकडे आणि रुग्ण इकडे. मधलं अंतर कापायला लागतात क्रायोजेनिक टँकर, म्हणजे उणे १८३ अंशांचा द्रव सांभाळणारे मोठे थर्मासच म्हणा. ते मोजकेच होते. रिकामा टँकर विमानाने नेता येतो, भरलेला नाही. रस्त्याने जाऊन-येऊन आठवडा मोडणार. म्हणजे खरी टंचाई टँकरच्या वेळेची होती.

महाराष्ट्र सरकारने रेल्वेला विचारलं, अख्खे टँकरच गाडीवर चढवता येतील का? कोकण रेल्वेवर ट्रक असे जातातच, ‘रो-रो’ म्हणतात त्याला. पण इथे अडचण उंचीची. वाटेत उड्डाणपूल, पादचारी पूल, फलाटांची छपरं आणि डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार. मग बोईसरला एक सपाट वॅगन उभी केली, तिच्यावर टँकर चढवला आणि मापं घेतली. टी-१६१८ नावाचा प्रकार बसला : टँकर ३३२० मिलिमीटर, वॅगन १२९० मिलिमीटर. बेरीज ४ मीटर ६१ सेंटिमीटर. त्याहून उंच टँकर बाद.

मला हा भाग सगळ्यात आवडतो. कुठलं ॲप नाही, डॅशबोर्ड नाही, टेप घेऊन मोजणारी माणसं. मात्र ही मापं रेल्वेकडच्या प्रत्येक पुलाच्या नोंदीशी ताडून बघता आली, कारण त्या नोंदी कुणीतरी वर्षानुवर्षं नीट ठेवल्या होत्या. आमच्या शीटमध्ये नेमकं तेच नव्हतं.

कळंबोलीला २४ तासांत रॅम्प बांधला. १९ एप्रिलच्या रात्री सात रिकामे टँकर घेऊन गाडी विशाखापट्टणमला निघाली. नकाशा उघडा, मार्ग विचित्र वाटेल : आधी वसई, मग सुरत, तिथून भुसावळ, नागपूर. सरळ कसाऱ्यावरून का नाही? घाटातल्या बोगद्यांत ही उंची मावत नव्हती. वळसा परवडला, कारण पुढे मार्ग मोकळा करून दिला होता. १८५० किलोमीटरहून जास्त अंतर, साधारण ५० तास.

गाडी वाटेत असतानाच, २१ एप्रिलला, नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. पुरवठा खंडित झाला आणि २० हून जास्त रुग्ण गेले. तिथे ऑक्सिजन दारात येऊन पोचलेला होता. साखळीतला अगदी शेवटचा नळ तुटला.

विशाखापट्टणमला दहा तासांत १०० टनांहून जास्त द्रव ऑक्सिजन भरला गेला. परतीचा प्रवास जास्त जोखमीचा, कारण असा माल घेऊन एकदम वेग वाढवायचा नाही, एकदम ब्रेक मारायचा नाही, मध्ये मध्ये दाब तपासायचा. २३ एप्रिलला नागपूरला तीन टँकर उतरले, २४ ला नाशिकला उरलेले चार.

आणि मुंबई? २६ एप्रिलला गुजरातमधल्या हापाहून तीन टँकर, ४४ टन ऑक्सिजन घेऊन, वसई-भिवंडीमार्गे कळंबोलीला आले. तोवर पालिकेनेही आपली घडी बसवली होती : कुठल्या रुग्णालयात किती साठा आहे त्यावर नजर, आणि अडीअडचणीला भरलेल्या सिलिंडरच्या गाड्या आधीच उभ्या. ५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या ऑक्सिजनबाबत सुनावणी करताना मुंबईकडून शिका, असं सुचवलं.

आमच्या शीटमध्ये शेवटी ‘कधी तपासलं’ हा रकाना आला. तो आला तेव्हा मे उजाडला होता. त्या काकांना मी नंतर फोन केला नाही, हिंमतच झाली नाही.