खानदेशांतील भिल्लांची पोलिसचाकरी
(इ. स. १८१८ ते १८९१)

इंग्रजी अंमलाच्या आरंभींचा खानदेशचा इतिहास बहुधा भिल्लांच्या पुंडाईचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हांस हें कथन अपुरें वाटतें. ज्यांस पुंड म्हटलें तेच लोक पूर्वीं गांवचे राखणदार होते, आणि पुढें त्यांच्याच हातीं मुलखाचा बंदोबस्त आला. मधल्या काळांत त्यांचा स्वभाव पालटला नव्हता. चाकरी गेली होती व ती पुन्हा मिळाली, एवढेंच. हा मुद्दा आम्ही येथें थोडक्यांत मांडतों.

मराठी अंमलांत खानदेशांतील अनेक गांवीं जागलकी भिल्लांकडे असे. रात्रीं गांव राखावें, चोरी झाल्यास माग काढावा, तो पुढील गांवच्या शिवेंत पोंचवून द्यावा, आणि याबद्दल रयतेकडून धान्यरूपानें हक्क घ्यावा, अशी वहिवाट होती. डोंगरांतील घाटांची राखण नाइकांकडे असे. १८०२ सालच्या होळकरी स्वारीनें व तिच्या पाठोपाठ आलेल्या १८०३-०४ च्या दुष्काळानें ही घडी पार विसकटली. गांवेंच ओस पडल्यावर हक्क द्यावा कोणीं? ज्याला राखावयास कांहीं उरलें नाहीं तो राखणदार डोंगरांत शिरला व लुटीवर पोट भरूं लागला.

१८१८ सालीं हा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यांत आला व कॅप्टन ब्रिग्ज याजकडे त्याचा कारभार सोंपविण्यांत आला. सातमाळा व सातपुडा या डोंगरांत फौजा पाठविल्या, नाक्यांवर ठाणीं बसविलीं, कांहीं नाइकांस कौल देऊन नेमणुकाहि करून दिल्या. तथापि सात वर्षांत स्थिरता आली नाहीं. एक नाईक पकडला कीं त्याची जागा दुसरा घेई, कारण त्यास डोंगरांत ढकलणारें कारण जागच्या जागींच होतें.

तेव्हां १८२५ सालीं मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं धोरण बदललें. भिल्लांकरितां तीन एजंट नेमले. त्यांनीं तगाई, बैल व अवजारें देऊन लोकांस शेतीवर बसवावें असें ठरलें. त्याबरोबरच भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचें काम लेफ्टनंट जेम्स आऊट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे दिलें. ‘एकत्र जमवून आपला घात करतील’ अशी शंका भिल्लांस होती. आऊट्रम त्यांच्या वस्त्यांवर पहाऱ्याशिवाय राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस गेला, आणि अवघ्या नऊ माणसांपासून त्यानें भरतीस आरंभ केला. त्याच्या मूळच्या २३ व्या पलटणींतील उच्चवर्णीय शिपायांनीं मालेगांवीं या रंगरुटांबरोबर बसून विडे खाल्ले, ही गोष्ट दिसण्यांत लहान आहे. परंतु आमच्या मतें पगाराइतकीच तीहि महत्त्वाची होती. धरणगांव हें पलटणीचें मुख्य ठाणें झालें. १८३५ सालीं आऊट्रम महीकांठ्यास गेला तोंपर्यंत काल ज्यांच्या मागावर फौज फिरत होती तेच खजिन्याचा व कैद्यांचा पहारा करूं लागले होते.

येथवरचा वृत्तान्त सरकारी लेखकांस प्रिय आहे. ए. एच. ए. सिमकॉक्स याचें १९१२ सालचें पलटणीवरील पुस्तकहि याच अभिमानानें लिहिलेलें आहे. परंतु या चाकरीची दुसरी बाजू खाज्या नाइकाच्या चरित्रांत दिसते. मुंबई-आग्रा रस्ता शिरपुरावरून सातपुडा ओलांडून सेंधव्यास जातो. त्या घाटाच्या राखणीवर खाज्या सुमारें वीस वर्षें होता. त्याचा बाप गुमान नाईक हाहि तेंच काम करी. १८५१ च्या सुमारास त्यानें पकडलेला एक संशयित मारहाणींत मेला, व खाज्यास कैदेची शिक्षा झाली. मुदतीपूर्वीं सुटल्यावर सरकारनें त्यास पुन्हा त्याच घाटावर ठेविलें. १८५७ सालीं तोच बंडांत उतरला, आणि ज्या रस्त्याची राखण केली त्याच रस्त्यावरून जाणारा मोठा खजिना त्यानें लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजीं आंबापाणीच्या लढाईंत त्याच्या लोकांचा मोठा संहार झाला. या धामधुमींत भिल्ल पलटणहि सरकारच्या बाजूनें लढली. भिल्लाची गोळी भिल्लावर चालली. दोघांचीहि चाकरी एकाच धन्याची होती.

खाज्यास केवळ कृतघ्न म्हणणें सोपें आहे. पण जी चाकरी वडिलांपासून वहिवाटीची म्हणून चालत आली ती आतां साहेबाच्या मर्जीवर आली होती. दिली तर दिली, काढली तर काढली. पलटणींतहि शिपायास पगार होता, परंतु तिचें आधिपत्य अखेरपर्यंत गोऱ्या अधिकाऱ्याकडेच राहिलें. शिवाय ती जागा कांहीं शेंकडा लोकांपुरती; डोंगरांतल्या बाकीच्या हजारोंस जमिनीचाच आधार हवा होता.

१८९१ सालीं पलटणीचें स्वतंत्र अस्तित्व संपून ती पोलिसांत सामील झाली. सहासष्ट वर्षांच्या या वृत्तान्तावरून आम्ही एवढाच निष्कर्ष काढतों कीं, खानदेशांत शांतता तरवारीपेक्षां चाकरीनें अधिक आली. आणि जेथें त्या चाकरीस हक्काचा पाया नव्हता, तेथें ती शांतता पहिल्याच वादळांत डळमळली. म्हणून जुन्या कागदांत ‘भिल्ल पुंड’ हे शब्द आढळले कीं संशोधकानें तेथेंच न थांबतां, त्याची जागलकी कोणत्या सालीं व कां बुडाली, हेंहि शोधावें.