आळाची चार सूत्रे: स्वोपज्ञ भाष्य

लिलियन हेलमनच्या ‘द चिल्ड्रन्स अवर’मध्ये (१९३४) मुलींच्या निवासी शाळेतल्या कॅरन आणि मार्था या दोन शिक्षिकांवर समलिंगी संबंधांचा आळ येतो. नाशिकच्या एच. पी. टी. महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’त (१९६६) प्राचार्य विद्यानंदांवर अफरातफरीचा. दोन्ही नाटके शेजारी ठेवून बांधलेली ही सूत्रे.

१. आळ वजनदार तोंडातून चालतो.
‘वजनदार’ हे पद महत्त्वाचे. शिक्षिकांवर आळ घेणारी मेरी टिलफर्ड ही त्यांच्याच शाळेतली पोर. तिच्या सांगण्यावरून कोण मुलगी घरी नेईल? पण तेच तिची प्रतिष्ठित आजी फोनवरून सांगते आणि शाळा ओस पडते. विद्यानंदांसमोर संस्थेचा कारभारी धर्माप्पा आहे. शाळेत आजीचा शब्द चालतो, महाविद्यालयात कारभाऱ्याचा.

२. साक्षीदार खोटे बोलला काय, आलाच नाही काय, फळ एकच.
ब्रेसलेटची चोरी उघड होईल या धाकाने शाळेतलीच रोझाली मेरीच्या बोलण्याला दुजोरा देते. मार्थाची आंट लिली मॉर्टर कोर्टात साक्षीला येतच नाही. बदनामीचा खटला शिक्षिका हरतात. एकीची भीती समजते. दुसरीची सोय मात्र अधिक बोचते.

३. आळ माणसाला आपल्या मापाचा करतो.
मेरीने रचलेले काही घडलेले नसते. तरी अखेरीस मार्थाला वाटू लागते की कॅरनबद्दलची आपली ओढ तशीच असावी, आणि ती जीव देते. आळापायी तुरुंगात गेलेले विद्यानंद सुटतात ते सूडाने पेटून, गुन्ह्याच्या वाटेला लागून.
आक्षेप: मग मार्थावरचा आळ खराच होता ना?
उत्तर: नाही. आळ कृतीचा होता आणि कृती घडलीच नव्हती. मनातली ओढ गुन्हा नाही. आळाने तिला गुन्हा ठरवले आणि मार्थानेही तो निवाडा मान्य केला. हे अधिक भयंकर. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’तही शिक्षिका लीला बेणारेवरचा खेळातला खटला तिच्या खऱ्या आयुष्यात शिरतो.

४. खटला जिंकता येतो, शाळा परत मिळत नाही.
हेलमनच्या नाटकामागे एडिंबरोचे १८१० मधले खरे प्रकरण आहे. जेन कमिंग या विद्यार्थिनीने आजीला असेच काही सांगितले आणि मिस वूड्स व मिस पिरी यांची शाळा काही दिवसांत रिकामी झाली. जेनचा जन्म भारतातला, आई भारतीय; असले ज्ञान तिला भारतातच मिळाले असणार, असाही तर्क तेव्हा लढवला गेला. एक आळ निवारताना दुसरा एका देशावर! १८११ मध्ये शिक्षिका एका मताने हरल्या, १८१२ मध्ये एका मताने जिंकल्या. हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांचा विजय कायम केला तो १८१९ मध्ये. तोवर शिकवायला शाळा उरली नव्हती.
आक्षेप: मग कानेटकरांचा नायक कसा सावरतो?
उत्तर: न्यायालयामुळे नव्हे, लाल्यामुळे. विद्यानंदांनी सुधारलेला हा उनाड विद्यार्थी पुढे पोलीस अधिकारी होतो आणि सरांना मागे खेचतो. कॅरनशी लग्न ठरलेला, तिला ओळखणारा जो कार्डिनही तिच्या सोबत होताच. पण एका क्षणी त्याच्याही मनात प्रश्न येतो, आणि तेवढ्याने त्यांचे नाते तुटते. लाल्या सरांचे गुन्हे डोळ्यांनी पाहतो, तरी सर मुळात कोण हे विसरत नाही. आळातून सुटायला निकाल लागतो. आळाच्या मापातून सुटायला असा एक विद्यार्थी.