बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा निर्णय

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा निर्णय : आटोक्यात न येणाऱ्या स्थूलतेवर जठर लहान करणारी किंवा अन्नाचा आतड्यातला मार्ग बदलणारी शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, हे रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवणे. ग्रीक भाषेत ‘बॅरोस’ म्हणजे वजन, ओझे. त्यावरून हे नाव आले. बोलताना लोक ‘वजन कमी करायचं ऑपरेशन’ किंवा नुसते ‘बॅरिॲट्रिक’ म्हणतात. कातडीखालची चरबी नळीने ओढून काढणारे लायपोसक्शन वेगळे. ते शरीराला आकार देण्यापुरते असते. त्याने मधुमेह उतरत नाही आणि भूकही बदलत नाही. सल्ल्याला येणाऱ्या पुष्कळांच्या मनात या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. ती आधी दूर व्हायला हवी.

स्थूलता बरी करणे कठीण, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश यांची तुलना येते. तिथे कृशता त्यातल्या त्यात बरी मानली आहे, कारण स्थूलतेचा उपचार अधिक अवघड. आजचे शरीरविज्ञान याचे कारण सांगते. वजन उतरू लागले की जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक वाढते, शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागते आणि पूर्वीच्या वजनाकडे परत नेण्यासाठी सगळी यंत्रणा कामाला लागते. दिवसातून दोनदाच जेवणे, भात-साखर सोडणे, पहाटे टेकडी चढणे असे सगळे करून दहा किलो उतरवलेल्या माणसाचे बारा किलो परत येतात, तेव्हा घरचे त्याला आळशी आणि जिभेचा गुलाम ठरवतात. हा आरोप अन्यायाचा आहे. तीव्र स्थूलता हा जुनाट आजार आहे, आणि शस्त्रक्रियेला ‘शॉर्टकट’ म्हणणाऱ्यांनी तो आजार जवळून पाहिलेला नसतो.

शस्त्रक्रियेचा इतिहास अपयशापासून सुरू होतो. १९५०च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटात लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याची पद्धत निघाली. वजन उतरले, पण यकृत निकामी होणे आणि गंभीर कुपोषण यांमुळे ती सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी पाहिले होते की, अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन पुन्हा वाढत नाही. त्यावरून त्यांनी १९६६मध्ये गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. पुढे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि पोटावरचा मोठा छेद जाऊन चार-पाच लहान छिद्रे आली.

आज मुख्यतः दोन पर्याय समोर ठेवले जातात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. मुळात ही एका मोठ्या शस्त्रक्रियेची पहिली पायरी होती. त्या पायरीवरच वजन पुरेसे उतरते असे दिसल्याने ती स्वतंत्रपणे होऊ लागली आणि आता जगात सर्वाधिक केली जाते. काढलेले जठर परत जोडता येत नाही, ही गोष्ट रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्याचे सोपे रूप, मिनी बायपास, भारतात बरेच होते. जठराला पट्टा बांधण्याची पद्धत मागे पडली आहे. निवड केवळ वजनावर ठरत नाही. ज्याला छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि रात्री घशाशी येण्याचा त्रास आहे त्याचा हा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो, म्हणून अशांना बहुधा बायपास सुचवतात. जुन्या मधुमेहातही अनेक शल्यचिकित्सकांचा कल बायपासकडे असतो. दोन्हींत जागा कमी होते, पण खरा परिणाम संप्रेरकांचा असतो: विशेषतः स्लीव्हनंतर घ्रेलिन घटते, आतड्यातील जीएलपी-१ हे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव लवकर होते. बायपासनंतर वजन फारसे उतरण्याआधीच, काही दिवसांत, साखर खाली येऊ लागते.

शस्त्रक्रिया कोणासाठी, हे ठरवण्याचे पहिले माप म्हणजे बीएमआय : किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. १९९१मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिषदेने ४० ही मर्यादा घातली; मधुमेहासारखा गंभीर सहआजार असेल तर ३५. हे आकडे पाश्चात्त्य शरीरांवरून काढलेले होते. आपले शरीर वेगळे आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये एका साध्या तुलनेतून दाखवले. ते स्वतः आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी, विशेषतः पोटाभोवती. म्हणून भारतीयांना मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो. २००९च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात शस्त्रक्रियेच्या मर्यादा ३७.५ आणि सहआजारासह ३२.५ अशा खाली आणल्या. २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सर्वसाधारण मर्यादा ३५ केली आणि आशियाई लोकांना २७.५च्या पुढेही शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असे म्हटले.

विम्याचे गणित मात्र मागे राहिले. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाण अटींनुसार स्थूलतेच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला वय किमान १८, बीएमआय ४० किंवा अधिक लागतो. ३५ किंवा अधिक चालतो तो हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा आजार असेल आणि वजन कमी करण्याचे सौम्य उपाय फसले असतील तरच. १६० सेंमी. उंचीची मधुमेही बाई घ्या. ८३ किलोच्या पुढे गेल्यावर भारतीय निकषाने ती शस्त्रक्रियेच्या विचाराला पात्र ठरते. विमा कंपनी तिचा विचार साधारण ९० किलोपासून करते. मधल्या सहा-सात किलोंत अडकलेल्या कुटुंबाला खाजगी रुग्णालयातला काही लाखांचा खर्च खिशातून करावा लागतो. काही जण पात्र होण्यासाठी वजन वाढवण्याचा विचार बोलून दाखवतात. ही वेळ रुग्णावर येऊ नये. अटी भारतीय निकषांशी जुळवून घेणे हाच त्यावरचा उपाय आहे.

फायद्याचा सर्वांत लांब पल्ल्याचा पुरावा स्वीडनचा. १९८७मध्ये सुरू झालेल्या तिथल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि तशाच वजनाचे, शस्त्रक्रिया न झालेले २,०३७ लोक होते. दोन वर्षांनी पहिल्या गटाचे वजन सरासरी २३ टक्के उतरलेले होते, वीस वर्षांनी १८ टक्के. म्हणजे थोडे परत आले, बहुतेक टिकले. यांतल्या बऱ्याच शस्त्रक्रिया आज वापरात नसलेल्या जुन्या प्रकारच्या होत्या, हे लक्षात ठेवावे. २०२०मध्ये निघालेल्या आयुर्मानाच्या हिशेबात शस्त्रक्रिया झालेले लोक दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ३ वर्षे अधिक जगतात असे दिसले, पण सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षे कमी. दोन्ही आकडे रुग्णासमोर ठेवले पाहिजेत. मधुमेहाबाबत अमेरिकेतील क्लीव्हलँडचा १५० रुग्णांवरचा प्रयोग सांगतात : पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याखाली ठेवण्यात बायपासचे २९ टक्के, स्लीव्हचे २३ टक्के आणि केवळ औषधांवरचे ५ टक्के रुग्ण यशस्वी झाले. मधुमेह कायमचा गेला अशी जाहिरात जो करतो, त्याने हेही सांगावे की दहांतील सात जण त्या आकड्यापर्यंत पोहोचले नाहीत. मात्र त्यांतल्या अनेकांची साखर आणि औषधे पूर्वीपेक्षा कमी झाली.

धोका लहान आहे, पण शून्य नाही. अमेरिकेतील ४,७७६ रुग्णांच्या २००९च्या पाहणीत ३० दिवसांतील मृत्यू ०.३ टक्के होते. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे या तातडीच्या भानगडी. पुढे पित्ताशयात खडे, बायपासच्या जोडावर अल्सर, आतडे अडकणे. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि तंबाखू, विडी, सिगारेट यांनी त्या अल्सरला निमंत्रण मिळते. म्हणून शस्त्रक्रियेआधी तंबाखू सुटायलाच हवी.

खरी परीक्षा टाके निघाल्यावर सुरू होते. पहिले काही आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ, मग साधे अन्न; पुढे आयुष्यभर वाटीभर जेवण, हळू चावून, पाणी जेवणाआधी किंवा अर्ध्या तासाने. आपल्याकडे हे पोटापेक्षा घराला अवघड जाते. पंगतीत जिलबीचा आग्रह होतो, ‘एवढंसंच?’ असे विचारले जाते, ताट परत केले तर यजमान दुखावतो. बायपास झालेल्याने श्रीखंड किंवा उसाचा रस घेतला तर छाती धडधडणे, घाम फुटणे, पोटात कळ येऊन जुलाब होणे असा त्रास होऊ शकतो. त्यामुळे निर्णयाच्या बैठकीला स्वयंपाक करणारी व्यक्ती हजर असावी, हा सल्ला कोणत्याही आकड्याइतकाच मोलाचा आहे.

शाकाहाऱ्यांनी तर आणखी हिशेब करावा. रोज सुमारे ६० ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम निघतात आणि लहान झालेले जठर दहा वाट्या घेऊ शकत नाही. पनीर, दही, मोडाची मटकी, सोयाबीन, अंडे चालत असेल तर अंडे, आणि बहुतेकांना प्रथिनांची पूड, अशी जुळवाजुळव करावी लागते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने आयुष्यभर. आपल्याकडे बी-१२ची कमतरता अनेकांना शस्त्रक्रियेआधीच असते. पुण्यातील संशोधनात ती मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. गोळ्या सोडलेल्याला दोन-तीन वर्षांनी हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो आणि तोवर मज्जातंतूंची इजा झालेली असते. एकादशी, श्रावणी सोमवार, रोजे, पर्युषण यांविषयी डॉक्टरांशी आधी बोलावे. मूल हवे असेल तर शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि नको तेव्हा दिवस जाऊ शकतात, हे तरुण स्त्रियांना क्वचितच सांगितले जाते. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. कातडी लोंबते. दारू पटकन आणि जास्त चढते. बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून दारूच्या विकारात वाढ दिसली आहे. मन उदास असेल, किंवा ताण आला की खाण्याची सवय असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची भेट शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवी.

अलीकडे तिसरा पर्याय आला आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने वजनासाठी भारतात २०२५पासून उपलब्ध झाली. मोठ्या चाचण्यांत पहिल्याने सुमारे १५ टक्के, दुसऱ्याने जास्तीत जास्त डोसला सुमारे २१ टक्के वजन उतरले. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आले. म्हणून ज्यांचा बीएमआय मर्यादेच्या जवळपास आहे, त्यांनी आधी औषध करून पाहणे योग्य. बीएमआय ४५-५०च्या घरात, गुडघे निकामी आणि रात्री श्वास अडणारा रुग्ण असेल, तर त्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेचेच पारडे अजून जड आहे.

लोकांच्या डोळ्यांसमोर ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने ठळक बातम्यांमधून आली. नितीन गडकरी यांनी २०११मध्ये ती करून घेतली, अरुण जेटली यांनी २०१४मध्ये; २०१७मध्ये सुमारे ५०० किलो वजनाची इजिप्तची ईमान अब्द एल अती मुंबईत उपचारांना आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत वारली. या उदाहरणांवरून सामान्य रुग्णाने स्वतःचे अनुमान काढू नये. त्याने शल्यचिकित्सकाला विचारण्याचे प्रश्न साधे आहेत. माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का? गळती झाली तर रात्री दोन वाजता या रुग्णालयात कोण असेल? पाच वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया केलेले किती रुग्ण अजून तपासणीला येतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अडखळत आले, तर दुसरे मत घ्यावे. पहिल्याच भेटीत तारीख आणि सवलत देणाऱ्याकडे परत जाऊ नये.

मधुमेह नवा असेल आणि इन्शुलिन सुरू झालेले नसेल, तर शस्त्रक्रियेनंतर तो उतरण्याची शक्यता सर्वाधिक असते. वर्षे जातात तशी स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशींची ताकद घटते आणि ही शक्यताही कमी होत जाते. म्हणून ज्यांचा बीएमआय ३२.५च्या पुढे आहे आणि मधुमेह अजून चार-पाच वर्षांच्या आतला आहे, त्यांनी नकार द्यायचा असला तरी तो तज्ज्ञाला भेटून, रक्ताचे अहवाल समोर ठेवून, याच वर्षी द्यावा.